मी सासूबाईंसाठी रुसलो तेव्हा

माझ्या सासऱ्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं आणि माझी आई दचकली.

लग्नाची बोलणी करायला मुलीकडची माणसं आमच्या नेरूळच्या घरी आली होती. मुलगी तेलुगू. जन्म, शाळा, कॉलेज सगळं कोपरखैरण्यातलं, त्यामुळे तिचं मराठी माझ्याइतकंच बरं आणि माझ्याइतकंच वाईट. पण तिचे आईवडील गोदावरीकाठच्या गावातून इकडे आलेले. त्यांच्याशी हिंदीत बोलावं लागणार म्हणून आईनं सकाळपासून "आप बैठिए, आप लीजिए" अशी तालीम चालवली होती. पांढरा शुभ्र शर्ट, कपाळावर बारीकसं कुंकू अशा थाटातले ते गृहस्थ आले, सोफ्यावर टेकले आणि म्हणाले, "पानी हाय का जरा? ऊन लय हाय भायेर."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी होणाऱ्या बायकोकडं बघितलं. ती पंख्याकडं बघत होती.

सासऱ्यांची सगळी नोकरी पावण्याच्या एका कारखान्यात गेली. मशिनवर आजूबाजूला पावणे, शिरवणे, घणसोली गावातली आगरी माणसं. त्यांच्यासोबत डबे खाता खाता सासरे मराठी शिकले आणि तेच खरं मराठी अशी त्यांची आजही खात्री आहे. कुणी ठसक्यात 'पाणी' म्हणालं की त्यांना वाटतं, याचा उच्चार जरा कच्चा आहे.

सासूबाईंची तऱ्हा निराळी. त्यांचं मराठी टीव्हीवरच्या मालिकांमधून आलेलं. त्या दिवशी त्यांनी आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "ताई, आमची लेक आजपासून तुमच्या पदरात. तिचं काही चुकलं, तर मोठ्या मनानं पोटात घाला." आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सासूबाई भाजीवाल्याशीही याच भाषेत बोलतात हे आम्हाला लग्नानंतर कळलं. टोमॅटो मऊ निघाला की त्याला सांगतात, "तू माझ्या विश्वासाला तडा दिलास."

जेवणात पुरणपोळी होती. आईनं सासऱ्यांच्या ताटात तूप वाढायला घेतलं. ते हात आडवा करून म्हणाले, "चालु, चालु." आई खूश होऊन म्हणाली, "हो हो, चालूच आहे," आणि धार सोडली. ते आणखी मोठ्यानं "चालु!" म्हणाले. आईनं धार आणखी मोठी केली. पोळी ताटात तरंगायला लागली तेव्हा होणारी बायको ओरडली, "काकू, थांबा! तेलुगूत चालु म्हणजे पुरे!"

सासऱ्यांनी पोळी संपवली. माणूस सभ्य होता. पण त्यानंतर आमच्या घरी जेवायला बसले की ते आधी आपल्या मराठीत सांगून ठेवायचे, "तूप मी सोता घेन."

आमचं लग्न एका दिवसात उरकलं. सकाळी मराठी, दुपारी तेलुगू. माझ्या मेव्हण्यानं मराठी रिवाजाप्रमाणे माझा कान पिळला. त्याला ती पद्धत फार आवडली आणि अजून जरा जोरात पिळू का असं त्यानं विचारलं. पण तेलुगू बाजूचे पुष्कळ विधी वेळेअभावी राहून गेले. त्यातला एक राहिला याचं दुःख एका व्यक्तीला फार झालं. ती म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. आम्ही त्यांना आत्याच म्हणतो. त्या गावाकडंच राहतात, लग्नाला आल्या होत्या आणि जाताना सांगून गेल्या की संक्रांतीला पुन्हा येईन आणि तो विधी माझ्यासमोर व्हायला हवा.

तो विधी म्हणजे जावयाचं रुसणं.

संक्रांतीच्या काही दिवस आधी बायकोनं मला हे समजावून सांगितलं. त्यांच्याकडं नव्या जावयानं सासरी रुसून बसायचं असतं. चांगली चादर घातलेल्या पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडायचं. बोलायचं नाही, खायचं नाही. मग सासरची सगळी मंडळी येऊन मनधरणी करतात. शेवटी जावई काहीतरी मागतो, सासरा हो म्हणतो आणि जावई उठून जेवतो.

"मग मी काय मागायचं?" मी म्हणालो. "आपल्यात असं मागत नाहीत. आई मला घरात घेणार नाही."

"तू काही मागू नकोस," बायको म्हणाली. "अम्मासाठी माग."

आणि मग तिनं मला सासूबाईंच्या स्कूटरची गोष्ट सांगितली.

सासूबाईंना स्कूटर चालवायची होती. आजची नव्हे, फार जुनी इच्छा. लहानपणी गावात त्या भावाची सायकल पळवून कालव्याच्या बांधावर चालवायच्या, परकर खोचून. इथं आल्यावर सेक्टरचे रुंद रस्ते बघून त्यांना वाटलं, आता आपली मजा. पण सासऱ्यांच्या गाडीवर मागे बसून मंडईत जाणं आणि परत येणं, एवढीच काय ती मजा त्यांच्या वाट्याला आली. त्या विचारायच्या आणि सासऱ्यांकडं उत्तर तयार असायचं. आधी रस्त्यावर ट्रक फार होते. मग मुलं लहान होती. मग मुलीची परीक्षा होती. मग साडी चाकात जाईल. सासूबाई म्हणाल्या, ड्रेस घालते. तर म्हणाले, "या वयात?"

"नान्ना कुणाचंच ऐकत नाहीत," बायको वडिलांबद्दल म्हणाली. "पण रुसलेल्या जावयाला नाही म्हणता येत नाही. आणि आत्या समोर असली की मग तर अजिबातच नाही."

"अम्माला माहितीये हे?"

बायको माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू माझ्याइतका भोळा माणूस नाही. "प्लॅन तिचाच आहे रे. टेन्शन नको घेऊस. तू फक्त भिंतीकडं बघून पडून राहा."

आता माझी अडचण अशी, की मला रुसता येत नाही. आमच्या घरी ते खातं आईकडं आहे. ती रुसली की भांडी वाजतात, आणि आम्ही बाकीचे सगळे पायाच्या बोटांवर चालतो. मी जन्मात कधी जेवणावर राग काढलेला नाही. बायकोनं माझी तालीम घेतली. मला पलंगावर झोपवून समोर शेव-चिवड्याची वाटी धरली. मी मान वळवली. "मान वळवलीस ते ठीक," ती म्हणाली, "पण हात का पुढं आला?"

संक्रांतीला आम्ही आईला घेऊन कोपरखैरण्याला गेलो. आईनं तिळगूळ आणि भोगीची मिसळीची भाजी डब्यात घेतली होती. आदल्या दिवशी तिथं सोसायटीच्या आवारात तेलुगू पद्धतीची भोगीची होळी झाली होती. सेक्रेटरींनी जमिनीवर पेटवायला बंदी केली म्हणून घमेल्यात. आत्या त्याबद्दल अजून धुसफुसत होत्या. मी पाया पडलो तर आशीर्वादाच्या जागी मला म्हणाल्या, आणि बायकोनं भाषांतर करून सांगितलं, "ती होळी होती की डास पळवायचा धूर, हे तूच सांग."

हॉलमध्ये पलंग लावला होता. पिवळी चादर, उशाशी झेंडूची फुलं. मला नवा शर्ट आणि जरीकाठाचं धोतर दिलं होतं. ते धोतर गुंडाळून मी पलंगाच्या कडेला बसलो, कारण धोतर नेसून आडवं कसं व्हायचं हे मला ठाऊक नव्हतं. आत्या खुर्ची ओढून बसल्या आणि काठीनं मला खुणावलं. भिंतीकडं. अजून. तोंड पूर्ण भिंतीकडं.

मी वळलो. भिंतीवर कॅलेंडर होतं, तेलुगू. एक अक्षर कळेना. तेच बघत पडून राहिलो.

आधी मेव्हणा आला. म्हणाला, "भावजी, घड्याळ घ्या ना, चांगलं हाय." मेव्हण्यानंही बापाचंच मराठी उचललंय. मी गप्प. मग शेजारच्या तेलुगू बायका आल्या, गाणं म्हणू लागल्या. गाण्यात जावयाला काहीतरी टोमणे होते, कारण माझी बायको मोठमोठ्यानं हसत होती. मग स्वयंपाकघरातून वास आला. उडदाचे वडे तळले जात होते. अंबाडीची ती आंबट, लसणीची फोडणी दिलेली चटणी आली, जिला ते गोंगुरा म्हणतात आणि जिच्यासाठी मी लग्न ठरल्यापासूनच त्या घरी काहीतरी निमित्त काढून जात असे. माझ्या पोटातून आवाज आला. हॉलभर ऐकू गेला. शेजारच्या बायका गाणं थांबवून हसल्या आणि पुन्हा तिथूनच सुरू झाल्या.

मग सासूबाई आल्या. हातात वड्यांची थाळी. मला पाठमोरा असूनसुद्धा कळलं, की आज त्या आयुष्यातली सगळ्यात मोठी भूमिका करायला उभ्या आहेत.

"जावईबापू," त्यांनी आवाज कापरा केला, "असा अबोला का धरलात? या घराची सारी सुखं तुमच्या पायाशी आहेत. एका आईच्या हातचा घास नाकारून तुम्हाला काय मिळणार आहे?"

उशीत तोंड खुपसून मी हसू दाबलं. खांदे हलले. आत्यांना वाटलं, मी रडतोय. त्यांनी समाधानानं मान डोलावली, असं बायकोनं नंतर सांगितलं. एवढा भावनाप्रधान जावई त्यांच्या गावातही कुणाला मिळाला नव्हता.

शेवटी सासरे आले. त्यांना हे सगळं अवघड जात होतं. पलंगाजवळ उभे राहिले, घसा खाकरला. "अंगठी आनलीय," ते म्हणाले. "बघा तरी."

मी बघितलं नाही.

"मंग काय पायजे? सांगा ना. जे मागाल ते देन. बहिनीसमोर बोलतोय."

हीच ती वेळ. मी कूस बदलली, उठून बसलो, आणि पाठ केलेलं सगळं वाक्य विसरलो. बायकोनं मला नीट शिकवलं होतं, 'मामय्या, माझी एक विनंती आहे' वगैरे. पण भुकेनं आणि घाबरून माझ्या तोंडून एकच शब्द निघाला.

"स्कूटर."

गाणाऱ्या बायकांच्या टाळ्या तिथंच थांबल्या. सासऱ्यांचा चेहरा पडला. आधी देवासारखा जावई, मग नुसता जावई, मग हळूहळू हुंडा मागणारा जावई, असं सगळं त्या चेहऱ्यावरून सरकत गेलेलं मी पाहिलं. आणि मागून माझ्या आईचा आवाज आला.

"अरे मेल्या!"

आई उठून उभी राहिली होती. हातातला तिळगुळाचा डबा तिनं खुर्चीवर आपटला. "हुंडा मागतोस? माझ्या पोटचा तू? तुझ्या बाबांनी लग्नात साधा टॉवेल घेतला नाही, आणि तुला स्कूटर पाहिजे? उठ! आधी उठ त्या पलंगावरून!"

"आई, ऐक ना..."

"काय ऐकू? ताई, मी हात जोडते तुम्हाला. आमच्यात असलं कुणी नाही हो. हा कुठून शिकला देव जाणे."

सासूबाई घाबरल्या. नाटकातला पुढचा प्रवेशच बदलला होता. माझी बायको तोंडावर पदर धरून स्वयंपाकघरात पळाली, आणि मी एकटा जरीचं धोतर सावरत पलंगावर उभा राहिलो.

"मला नको!" मी ओरडलो. "अत्तय्यांना! सासूबाईंना स्कूटर पाहिजे! त्यांना चालवायला!"

आत्यांनी शेजारणीला विचारलं, काय म्हणतोय. शेजारणीनं तेलुगूत सांगितलं. आत्यांनी पुन्हा विचारलं, शेजारणीनं पुन्हा सांगितलं. मग आत्या, ज्या सकाळपासून एकदाही हसल्या नव्हत्या, त्या काठीवर हनुवटी टेकून अशा हसायला लागल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

सासरे हसले नाहीत. ते सासूबाईंकडं बघत होते. सासूबाई वड्यांच्या थाळीकडं बघत होत्या, जणू त्या वड्यांनीच हे सगळं घडवून आणलं होतं.

"स्कूटर देतो," सासरे सावकाश म्हणाले. "तुमच्या नावानं. पन ती नाय चालवनार."

मी परत आडवा झालो आणि भिंतीकडं वळलो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आपोआप झालं.

आत्यांनी काठी जमिनीवर आपटली. भावाला तेलुगूत जे काही सुनावलं त्याचं भाषांतर मला आजवर पूर्ण मिळालेलं नाही. बायको म्हणते, त्यात त्यांच्या लहानपणीचा एक प्रसंग होता. सासरे झाडावरून उतरायला घाबरले होते आणि आत्यांनी त्यांना खांद्यावर उतरवून घेतलं होतं. त्याचा स्कूटरशी काय संबंध, हे बहीणभावालाच ठाऊक. पण सासऱ्यांनी मान खाली घातली.

"बरं," ते म्हणाले. "चालवू दे."

आई माझ्या जवळ येऊन बसली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मी म्हटलंच होतं," ती सगळ्यांना सांगू लागली, "आमचा असा नाहीच." सासऱ्यांनी रिवाजाप्रमाणे मला पहिला घास भरवला. मी एवढे वडे खाल्ले की आत्यांनी मला दुसऱ्यांदा आशीर्वाद दिला, हा मनापासून.

निघताना सासरे लिफ्टपर्यंत आले. दार बंद व्हायच्या आत हळूच म्हणाले, "तुला कोनी शिकवला ता मना माहित हाय." त्याआधी त्यांनी मला कधी अरेतुरे केलं नव्हतं. बायकोच्या ते लक्षात आलं. ती लिफ्टमध्ये माझा हात धरून हसत होती.

स्कूटर आली. विजेवरची, मोरपिशी रंगाची. शिकवायची जबाबदारी माझ्यावर आली, कारण मागणी माझी होती. सासऱ्यांनी स्पष्ट सांगितलं, मी बघनार पन नाय.

आम्ही रविवारी सकाळी पावण्याला जायचो. रविवारी तिथले कारखाने बंद असतात, रस्ते मोकळे, फाटकांजवळ कुत्री झोपलेली आणि कुठंतरी एखादा वॉचमन रेडिओ लावून बसलेला. सासूबाई ड्रेस आणि बूट घालून आल्या होत्या, वर हेल्मेट. सायकलचा तोल त्यांच्या अंगात होता, त्यामुळे पडण्याची भीती नव्हती. भीती होती ती सुरुवातीच्या झटक्याची. त्यांनी मूठ पिळली आणि "अय्यो" म्हणायच्या आत स्कूटर एका कारखान्याच्या फाटकाशेजारी टाकलेल्या थर्माकोलच्या ढिगात शिरली. मी धावलो. त्या ढिगातून उठल्या तेव्हा डोक्यापासून पायांपर्यंत पांढऱ्या दाण्यांनी माखलेल्या होत्या. त्यांनी हेल्मेटची काच वर केली आणि शांतपणे म्हणाल्या, "नियतीच्या मनात काही वेगळंच होतं."

"ब्रेक! आदी ब्रेकवर हात ठेव!" पलीकडून आवाज आला.

कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीमागं सासरे उभे होते. हातात पेपर. कोपरखैरण्यातून पावण्याला पेपर आणायला कुणी येत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. "जुना दोस्त भेटनार हाय हितं," ते म्हणाले. दोस्त काही आला नाही. पुढच्या प्रत्येक रविवारी मात्र तो दोस्त भेटायचाच राहिला आणि सासरे टपरीमागून सूचना देत राहिले.

सरळ जाणं जमलं, वळणं जमली. अडलं ते आठच्या आकड्यावर. लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढून दाखवायचा असतो, पाय न टेकता. सासूबाईंचा आठ मध्येच उघडायचा आणि त्या सरळ महापे रस्त्याच्या दिशेनं निघून जायच्या. मी खडूनं रेषा काढून दिली. ती त्यांना पसंत पडेना. "ही रेषा निर्जीव आहे," म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्या पिशवीत रांगोळी घेऊन आल्या. तेलुगू घरांत दारासमोर ठिपक्यांची रांगोळी काढतात, जिच्यात एकच रेषा ठिपक्यांना वळसे घेत घेत फिरते आणि कुठंही न तुटता सुरुवातीला येऊन मिळते. सासूबाई वाकल्या आणि त्यांनी त्या डांबरी रस्त्यावर तसले मोठे मोठे ठिपके मांडले, मधून स्कूटर आरामात वळेल एवढ्या अंतरावर. मग भोवती रेषा. वॉचमन रेडिओ बंद करून उठून आला. टपरीवाला आला. कुत्रीसुद्धा उठली. सासूबाई स्कूटरवर बसल्या आणि त्या रेषेवरून फिरायला लागल्या. एक वळसा, दुसरा वळसा, मधून आत, बाहेरून परत. पाय एकदाही टेकला नाही. चाकांनी रांगोळी विस्कटत होती, पण त्या त्याकडं बघतच नव्हत्या, त्यांना ती पाठच होती.

मी सासऱ्यांकडं बघितलं. ते टपरीमागून पुढं आले होते आणि पेपर बगलेत धरून नुसते उभे होते.

लायसन्स मिळालं. मग सासूबाई सुटल्या. भाजी, देऊळ, बँक, वाशीला होणारे तेलुगू मंडळींचे कार्यक्रम. माझ्या आईला नेरूळहून घेऊन त्या हळदीकुंकवाला गेल्या. आई त्यांना घट्ट धरून डोळे मिटून बसली होती, आणि उतरल्यावर सगळ्या बायकांना म्हणाली, "काही भीती वाटत नाही हो." तेलुगू मंडळींत बातमी पसरली. उगादीच्या, म्हणजे त्यांच्या पाडव्याच्या कार्यक्रमात मी कडुलिंबाची चटणी घेत उभा असताना, एक वयस्कर गृहस्थ माझ्यासमोर येऊन थांबले. मला निरखून बघितलं. "तुम्हीच ना तो मराठी जावई?" म्हणाले. "आमच्या घरातही आता रोज स्कूटरचा विषय निघतो." त्यांच्या मागे त्यांची बायको उभी होती. तिनं मला नवऱ्याच्या खांद्यावरून डोळा मारला. खोटं वाटेल, पण मारला.

या सगळ्या धामधुमीत सासरे मात्र गप्प गप्प होत गेले. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग ते जेवेनात. एका रविवारी आम्ही गेलो, तर ते पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडले होते. तब्येतीला काही झालं नव्हतं. मेव्हण्यानं डॉक्टरांना बोलावू का विचारलं, तर "नको" एवढंच म्हणाले.

सासूबाईंनी सगळे उपाय करून पाहिले. आवडीची डाळ, लोणचं, पापड. शेवटी त्या पलंगाच्या कडेला बसल्या. मला वाटलं, आता एखाद्या मालिकेतला संवाद येणार. पण त्या तेलुगूत बोलल्या, अगदी साध्या आवाजात. बायकोनं माझ्या कानात सांगितलं, अम्मा विचारतेय, काय पाहिजे ते सांग.

सासरे भिंतीच्या आणखी जवळ सरकले. मग भिंतीला सांगावं तसं काहीतरी पुटपुटले.

बायको भाषांतर करेना. मी तिला ढोसलं. "नान्ना म्हणतात," ती हळू म्हणाली, "आपण दोघं रविवारी भाजीला जायचो. तू मागं बसून सगळ्या आठवड्याचं बोलायचीस. आता तू एकटी जातेस आणि घरी येऊन सीरियल लावतेस. मला काहीच कळत नाही कुठं काय चाललंय."

म्हणजे ट्रक, परीक्षा, साडी, वय, हे सगळं जे ते इतकी वर्षं सांगत आले, त्याच्या मागं हे होतं. स्वतः सासऱ्यांनाही ते आधी माहीत असेल असं मला वाटत नाही. सासूबाईंनाही नसावं. त्या नवऱ्याच्या पाठीकडं बघत बसल्या, आणि मग त्यांनी त्या पाठीवर एक चापट मारली. चांगली सणसणीत.

"उठा," त्या मराठीत म्हणाल्या, आम्हा सगळ्यांना कळावं म्हणून. "शर्ट घाला. पण गाडी मी चालवणार. हा माझा अंतिम निर्णय आहे."

"मी मागं बसू?" सासरे उठून बसले.

"मग काय पुढं टोपलीत बसणार?"

"हेल्मेट?"

"ते घालायचं. मी घालते, तुम्हीपण घालायचं."

सासऱ्यांनी माझ्याकडं मदतीसाठी बघितलं. मी कॅलेंडरकडं बघितलं.

ते शर्ट घालून खाली आले. सोसायटीतली मुलं, वॉचमन, पहिल्या मजल्यावरचे काका, सगळे बघत असताना मागच्या सीटवर बसले. आधी एका बाजूला दोन्ही पाय सोडून, बायका बसतात तसे. सासूबाईंनी वळून नुसतं बघितल्यावर नीट बसले. मग त्यांचे हात कुठं ठेवावेत हा प्रश्न आला. मागची दांडी धरली, सोडली, गुडघ्यांवर ठेवले, शेवटी सासूबाईंच्या खांद्यावर ठेवले.

आम्ही आमच्या गाडीवरून मागोमाग निघालो. सिग्नलला त्यांच्या शेजारी थांबलो, तर दोघांचं जोरात चाललं होतं. सासूबाई पुढं बघून बोलत होत्या, सासरे मागून वाकून त्यांच्या हेल्मेटपाशी तोंड नेऊन उत्तर देत होते. मला वाटलं भांडण लागलं. मी बायकोला विचारलं, काय चाललंय.

"काही नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या मुलीचं लग्न मोडलं, ते का मोडलं, ते सांगतेय अम्मा."

सिग्नल हिरवा झाला. सासूबाईंचं लक्ष गोष्टीत, त्यामुळे गाडी जागीच. मागचे हॉर्न वाजवायला लागले. सासऱ्यांनी मागं वळून त्या सगळ्या गाड्यांकडं हात केला, ट्रॅफिक पोलिस करतात तसा.

"थांबा ना जरा," ते ओरडले. "बाई काय सांगते ता पुरं व्हव दे!"